टर्बो सी काढा, पण सी कशाला काढता?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका पालकाचं पत्र आलं होतं, पोरगी बीसीएला आहे अन कॉलेजात अजून सी भाषाच शिकवायलेत, तिकडं सगळं जग एआयवर गेलं आणि आमच्या लेकरांच्या ताटात पन्नास वर्षांचं शिळं वाढायलेत, हे बंद करा आणि पहिल्या दिवसापासून पायथन अन एआयच शिकवा. मी ते हॉटेलात चहा पिता पिता वाचलं आणि आधी तर मानच डोलावली, कारण त्यांचा राग कशावर आहे ते मला चांगलं माहितीय. पण घरी येईस्तोवर डोक्यात किडा वळवळायला लागला की राग खरा आहे पण निघालाय भलत्यावर, म्हणून हे लिहितोय. लांबलंय थोडं, कापायचं तर कापा, फक्त पतसंस्थेचा किस्सा तेवढा ठेवा.

मी अंबाजोगाईचा. सोळा वर्षं तासिकेवर शिकवलं, सीएचबी म्हणतात त्याला, म्हणजे उन्हाळ्यात रामराम, पावसाळ्यात परत मुलाखत आणि पगाराचं काही विचारू नका. त्यामुळं पोटापाण्याला बाजूनं पतसंस्था, आडत दुकानं, जिनिंग यांची सॉफ्टवेअरं सांभाळली, अजूनही सांभाळतो. म्हणजे वर्गात काय शिकवतात ते बी बघितलं आणि बाहेर कशानं काम चालतं ते बी.

आधी कबुली देतो. आमच्या भागातल्या बऱ्याच लॅबमधे सी म्हणजे ती निळी स्क्रीन. टर्बो सी म्हणजे सीचे प्रोग्राम लिहायचं अन चालवायचं सॉफ्टवेअर, बोरलँड कंपनीनं ते काढलं १९८७ ला, लॅबमधे जे टर्बो सी प्लस प्लस असतं ते नव्वदीच्या सुरुवातीचं, विंडोजच्या आधीच्या डॉसवरचं. आताच्या ६४ बिटच्या विंडोजवर ते सरळ चालतच नाही, म्हणून डॉसबॉक्स नावाचं अजून एक सॉफ्टवेअर टाकायचं जे त्याच्यापुढं जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतं, त्याच्यात निळी खिडकी उघडायची, मग माउस आत गेला की बाहेर येईना, पोरं ओरडणार सर माउस अडकला, सर म्हणणार कंट्रोल एफ टेन दाब. अर्धा तास ह्याच्यातच. आणि जर्नल तर बघायलाच नको, वर्षानुवर्षं एकातून दुसऱ्यात उतरवलेलं, 'एंटर द नंबर'च्या जागी कोणीतरी कधीतरी 'इंटर द नंबर' लिहिलं ते पुढच्या सगळ्या बॅचनी इमानेइतबारे तसंच उतरवलं, आणि एक्स्टर्नलनं त्याच्यावर सही केली, आणि एका वर्षी तो एक्स्टर्नल मीच होतो.

केज तालुक्यातला माझा एक विद्यार्थी, डोक्यानं तल्लख, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला इंटरव्ह्यूला गेला. समोर विंडोजच्या जागी साधं लिनक्स, प्रोग्राम सोपा, दिलेला आकडा उलटा छापायचा. यानं हाताच्या सवयीनं वर कोनिओ डॉट एच लिहिलं, पुढं स्क्रीन पुसायला सीएलआर एससीआर, शेवटी स्क्रीन थांबवायला गेट सीएच, जसं तीन वर्षं लिहिलं तसं. कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, म्हणला ह्या नावाची फाईलच नाही. पोरगं तिथंच गारठलं, कारण त्याच्या लेखी ती ओळ म्हणजेच सी भाषा, चिठ्ठीच्या वर श्री लिहावं तशी. आता ती फाईल सीच्या स्टँडर्डमधे कधीच नव्हती, ती डॉसवाल्या कंपायलरांची सोय होती, आणि ती ओळ अन तिच्या जोडीचे सीएलआर एससीआर, गेट सीएच खोडले असते तर बाकीचा प्रोग्राम धडाधड चालला असता, पण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे त्यात मीही आलो, मीच शिकवत होतो की त्याला.

म्हणजे टर्बो सी काढाच, त्याबद्दल वाद नाही, आणि उद्याच काढा, नवा कंपायलर फुकट मिळतो, विद्यापीठाच्या परवानगीची वाट बघायची पण गरज नाही.

पण सीनं काय घोडं मारलंय? ती डेनिस रिचीनं अमेरिकेत बेल लॅबमधे १९७२ च्या आसपास बनवली हे खरं, तरी तिचं अगदी अलीकडचं स्टँडर्ड छापून आलंय २०२४ ला. त्या पालकांनी पोरीचा रिझल्ट ज्या अँड्रॉइड फोनवर बघितला असेल त्याच्या बुडाशी लिनक्सचा कर्नल, म्हणजे सगळ्यात आतला गाभा, आहे आणि तो बहुतेक सगळा सीमधलाच. आणि ज्या पायथनचं ते नाव घेतात, म्हणजे आपण सगळे जो डाउनलोड करतो तो, तो स्वतःच सीमधे लिहिलाय. अन वयच काढायचं म्हणलं तर पायथनचं पहिलं व्हर्जन १९९१ चं आणि जावा १९९५ ची, म्हणजे नवी नवी म्हणून जिला मिरवतो ती जावाची थोरली बहीण निघाली. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा एसक्यूएल, ती तर सत्तरच्या दशकातली, आणि तिच्याशिवाय आज बँकेतलं पान हलत नाही, तिला कोणी शिळी म्हणलेलं मी तरी ऐकलं नाही.

त्या निळ्या स्क्रीनवरचाच एक तास सांगतो. २०२४ चं खरीप, सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि बाजारात भाव त्याच्या खालीच, वर्गातली निम्मी पोरं शेतकऱ्यांची, त्यामुळं मधल्या सुट्टीत दुसरा विषयच नाही. मी म्हणलं चला, क्विंटल विचारा, भावानं गुणा, पट्टी छापा. पाच क्विंटल घातलं, २४,४६० आलं, बरोबर. एकानं दहा घातलं आणि बसल्या जागेवरून ओरडला, "सर, उणे सोळा हजार सहाशे सोळा यायलंय! म्हणजे माल बी द्यायचा अन वरून आपणच पैसे भरायचे?" सगळी लॅब हसली. मागून एक जण म्हणला, "सर प्रोग्राम बरोबरच हाय, आमच्या बापाचं दरवर्षी असंच होतंय." त्याच्यावर मी बी हसलो पण जरा वेळानं.

मग फळ्यावर सोळा खण काढले. टर्बो सीमधे साधा पूर्णांक सोळा बिटात, म्हणजे शून्य नाहीतर एक मावणाऱ्या सोळा खणांत बसतो, त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात, त्याच्या पुढं गेलं की आकडा उलटून उण्यात जातो. दहा क्विंटलचे झाले ४८,९२०, त्यातून ६५,५३६ वजा करा, बरोबर उणे १६,६१६. मी एवढंच सांगितलं, पुढचं पोरांनीच काढलं, सहा क्विंटलला २९,३५२ ठीक, सातव्याला गडी उलटा. एका पोरीनं तोच प्रोग्राम मोबाईलवरच्या कंपायलरमधे चालवला तर तिथं ४८,९२० बरोबर आलं, म्हणली सर माझा मोबाईल हुशार आहे. म्हणलं हुशार नाही, त्याच्याकडं खण बत्तीस आहेत, ते बी भरतात, २,१४,७४,८३,६४७ ला. आणि जुन्या बऱ्याच सिस्टिमांत वेळ अशाच बत्तीस खणात १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद म्हणून मोजतात, ते खण भरायलेत १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पोरांनी हिशोब केला, तेव्हा आम्ही तेहतीस वर्षांचे, म्हणजे हे निस्तरायला आम्हीच असणार म्हणा की.

त्याच तासाला एरियन रॉकेटचं सांगितलं. ४ जून १९९६, युरोपाचं एरियन ५, पहिलंच उड्डाण, चाळीस सेकंदाच्या आत आकाशात तुकडे. कारण काय तर मोठा ६४ बिटचा आकडा १६ बिटच्या खणात कोंबायला गेले, तो मावला नाही. आणि तो कोड नवा नव्हता, आधीच्या एरियन ४ चा उचलून तसाच ठेवलेला, त्या रॉकेटचा आडवा वेग कमी होता म्हणून तिथं आकडा कायम मावत आला होता. भाषा ॲडा, सी नव्हे, पण खण तेच सोळा, आमच्या सोयाबीनवाले.

पायथनमधे हा प्रकार होत नाही. तिथं पूर्णांक पाहिजे तेवढा वाढतो. चांगलंच आहे, पण म्हणूनच पोराला खण दिसतच नाहीत, आणि पुढं एआयसाठी नमपाय नावाची पायथनची आकडेमोडीची लायब्ररी वापरायला घेतली की परत सोळा बिट, बत्तीस बिट समोर येऊन उभे राहतात, तेव्हा कॉलेज सुटलेलं असतं अन विचारायला कुणी नसतं.

आता पतसंस्था. नाव सांगत नाही, गावातली सगळी ओळखीची माणसं आहेत. ह्या संस्थेचं सगळं काम फॉक्सप्रो नावाच्या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर, १९९४ पासून. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, नव्वदीत अन त्यानंतरही लई वर्षं आपल्याकडच्या पतसंस्था, साखर कारखाने, सोसायट्या, खत दुकानं ह्यांचा हिशोब फॉक्सप्रो नाहीतर त्याच्या भावकीतल्या क्लिपर, डीबेसवर चालला. मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रो १९९२ ला विकत घेतलं, शेवटचं व्हर्जन २००४ ला काढलं आणि २०१५ ला हात वर केले. त्यांनी सोडलं म्हणून संस्थेनं थोडंच सोडलं, काळ्या स्क्रीनवर पिग्मीचे आकडे चढत राहिले.

दोन वर्षांमागं संचालकांनी ठरवलं नवं सॉफ्टवेअर करायचं. गावचीच दोन पोरं, पुण्यात शिकलेली, चांगली आहेत, थोडी हवेत असतात पण त्या वयात आपण पण होतो. त्यांनी तीन महिन्यांत ब्राउझरवर चालणारं, मोबाईलवर बॅलन्स दिसणारं झकास सॉफ्टवेअर केलं. पहिला महिना संपला आणि तेरीज जुळेना. किती, तर काही पैसे. पोरं म्हणली राउंडिंग आहे, सोडून द्या. मॅनेजर तीस वर्षांचा जुना माणूस, चष्मा कपाळावर, म्हणला पैशाची चूक पैशाची नसते, ती सापडेपर्यंत मी रोजकीर्दीवर सही करत नाही. दुपारी मला फोन.

झालं असं होतं की पोरांनी रकमेचा कॉलम फ्लोट, म्हणजे दशांश आकडा जवळपास साठवणारा प्रकार, ठेवला होता. साध्या फ्लोटमधे १२,३४,५६७ रुपये ८९ पैसे टाकले की आत साठतात ८७.५ पैसे, कारण त्या आकाराच्या रकमेला त्याच्याकडं तेवढीच बारीक मापं असतात, किलोच्या तराजूवर सोनं मोजल्यासारखं. पायथन उघडून ०.१ अधिक ०.२ करून बघा, ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं, कोणीही घरी करून बघा. फॉक्सप्रोच्या जुन्या डीबीएफ फाईलमधे आकडा अक्षरं लिहावी तसा लिहिलेला असतो, दोन दशांश ठरवले तर दोनच, त्याच्यात पैसा हरवायला फट नाही. कोबोलमधे तर १९५९ पासून हाच विचार, कारण ती भाषा बनवलीच हिशोबासाठी, किती अंक दशांशाच्या अलीकडं, किती पलीकडं हे आधी लिहून द्यायचं. नव्या भाषांत पण डेसिमल नावाचा प्रकार असतोच, पोरांना तो माहीत पण होता, पण तो कशासाठी असतो हे कधी भोगलं नव्हतं. कॉलम बदलला, पैसे जुळले, मॅनेजरची सही झाली.

पण खरी गोष्ट पुढं आहे. आठ दिवसांनी मॅनेजरचा परत फोन, म्हणला अकरा खात्यांवर लाखालाखाचं व्याज दिसायलंय, ही खाती तर कधीची बंद पडल्यासारखी होती. म्हणून जुना प्रोग्राम उघडला. २,३०० ओळींची फाईल, लिहिणारा माणूस आता हयात नाही, व्हेरिएबलांची नावं सगळी मराठी, खाते, मुद्दल, तारीख, आणि मधेच एक अट, खाते नंबर अमुक ते अमुक असेल तर व्याज शून्य. त्याच्या शेजारी कॉमेंट एवढीच, '३०/०९/९३ सं. मं. ठराव'.

पोरांनी ती अट गाळली होती. विचारलं का रे बाबांनो, तर म्हणली सर टेस्टिंगचं काहीतरी राहिलेलं वाटलं, एआयला पण विचारलं, तो म्हणला कर्मचाऱ्यांची खाती नाहीतर एखादी सवलत योजना असेल, जुनी दिसतेय, काढली तरी चालेल.

मी तारीख वाचली आणि अंगावर काटा आला. तीस सप्टेंबर त्र्याण्णव. किल्लारीचा भूकंप. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झालेली, लोक गणपती बुडवून येऊन झोपले होते. मी अकरावीला होतो, आमच्याकडं अंबाजोगाईत मांडणीवरची भांडी खाली आली, आजीनं मला दंडाला धरून अंगणात ओढलं. किल्लारी-सास्तूरकडं तर गावंच्या गावं दगडाखाली गेली. संस्थेची त्या बाजूला शाखा होती, तिथल्या कर्जदारांचं व्याज त्या दिवसापासून बंद करायचा ठराव झाला होता. बऱ्याच जणांनी नंतर हळूहळू फेडलं, काहींच्या घरी फेडायलाच कुणी उरलं नाही, ती अकरा खाती तशीच वहीत राहिली. आणि नव्या सॉफ्टवेअरनं मेलेल्या माणसांच्या नावावर तीस वर्षांचं व्याज चढवलं.

पोरांचा मी राग नाही केला, ती जन्मलीच २००१ च्या पुढं. एआयचा पण नाही, उलट सांगतो, बाकीच्या २,३०० ओळींत काय काय चाललंय ते त्यानं मिनिटभरात मांडून दिलं, मला दोन दिवस लागले असते. पण त्या ओळीसमोर थांबून 'अरे ही तारीख कसली' असं मॅनेजरला जाऊन विचारायला पाहिजे होतं, आणि ते विचारायची सवय पोरांना लागली नाही, कारण तीन-चार वर्षांच्या शिक्षणात त्यांनी दुसऱ्यानं लिहिलेला जुना प्रोग्राम एकदाही वाचलेला नव्हता. सगळं कोऱ्या पानावरून. आपल्या अभ्यासक्रमात प्रोग्राम लिहा, प्रोग्राम लिहा, प्रोग्राम लिहा. वाचा असा प्रश्न मी सोळा वर्षांत एका पेपरात बघितला नाही, आउटपुट काय येईल ते सांगा हा दोन मार्कांचा प्रश्न सोडला तर.

मराठवाड्यातल्या माणसाला हे मी जास्त समजावून सांगायची गरज नाही. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत एक कागद आहे, मोमिनाबाद तालुक्याचा, म्हणजे आताचं अंबाजोगाई. वर उर्दू, खाली मोडी. आजोबांना दोन्ही वाचता यायचं, वडिलांना मोडी थोडी लागायची, मला त्यातला फक्त शिक्का कळतो. २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं, निजामकाळातल्या नोंदी धुंडाळायला घेतल्या, तेव्हा तहसिलीत कागद होते गठ्ठ्यानं पण वाचणारे कुठं होते? मोडीचे जाणकार, उर्दूचे जाणकार शोधत फिरायची पाळी आली, म्हातारी माणसं घरून बोलावून आणली. आरक्षणावर कुणाचं काय मत असायचं ते असो, पण कागद पुढ्यात आहे आणि वाचता येईना, ही अडचण तेव्हा गावोगाव सगळ्यांनी बघितली. त्यावर कुणी असं म्हणलं नाही की आता सगळ्या पोरांनी अर्ज मोडीत लिहावेत. वाचणारे चार जण असावेत एवढंच.

अमेरिकेतही २०२० च्या एप्रिलमधे हेच झालं. कोरोनात लाखो लोकांनी बेकारी भत्त्यासाठी अर्ज केले, न्यू जर्सीच्या जुन्या सिस्टिमा त्या भारानं वाकल्या, आणि तिथले तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी जाहीरपणे म्हणले की आम्हाला कोबोल येणारी माणसं मदतीला पाहिजेत. साठ वर्षं जुनी भाषा अन भर महामारीत तिचा शोध.

हे वाचून कुणी पोराला कोबोलच्या क्लासला टाकायला निघेल म्हणून इथंच दुसरी बाजू पण सांगतो. माझा एक मित्र, १९९८ ला, वायटूकेचं वारं होतं तेव्हा. जुन्या प्रोग्रामांत साल दोनच आकड्यांत लिहायचे, पंचकार्डावर ऐंशीच रकाने अन मेमरी महाग म्हणून, तर २००० आलं की कॉम्प्युटर ००ला १९०० समजणार, म्हणून अमेरिकेला कोबोलवाले पाहिजेत, क्लासवाल्यांच्या पेपरात अर्धा अर्धा पान जाहिराती. ह्याच्या वडिलांनी बैलजोडी विकली. पोरगं त्या वेळच्या औरंगाबादला कोबोल शिकलं, पुण्यात चौदा महिने नोकरी झाली, १ जानेवारी २००० ची सकाळ उजाडली, जग काही बुडालं नाही, आणि पुढच्या वर्षी हा परत गावात. आज त्याचं झेरॉक्स अन ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, बरं चाललंय, पण कोबोलचं नाव काढलं की तो अजून पण बैलांची नावं सांगतो. नोकरीच्या आशेनं जुनी भाषा शिका असं मी कुणाला सांगणार नाही. कोबोलच्या नोकऱ्या आजपण असतात, मोठ्या बँका अन विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवर, पण त्यासाठी लागणारं कंपनी स्वतः शिकवून घेते.

माझं म्हणणं लई छोटं आहे. सी ठेवा, पहिल्या नाहीतर दुसऱ्या सेमिस्टरला, नव्या कंपायलरवर, आणि खण दाखवून शिकवा. पायथन खुशाल आधी घ्या, माझी काही हरकत नाही, पोरांना पहिल्या आठवड्यात काहीतरी चाललेलं दिसलं पाहिजे हे मलाही पटतं. पण दुसऱ्या वर्षाला एक प्रॅक्टिकल असं ठेवा ज्यात एक ओळ पण लिहायची नाही. पोराच्या हातात वीस-तीस वर्षांचा चालू प्रोग्राम द्यायचा, फॉक्सप्रोचा असो, कोबोलचा असो, फोरट्रानचा असो, ती भाषा त्याला आधी आली पाहिजे असं पण नाही, दोन तासात व्याकरण सांगायचं आणि म्हणायचं हा काय करतो ते मराठीत लिहून आण. कुठली ओळ का आहे ते कळलं नाही तर ती ज्याच्या कामाची आहे त्या माणसाला जाऊन विचार, आणि तसं विचारलं त्याचे वेगळे मार्क. एआयची मदत घेतली तरी चालेल, त्याचं कुठं चुकलं ते लिहिलं की झालं.

प्रोग्राम कुठून आणायचे म्हणाल तर आपल्या भागात ह्याला तोटा नाही. कारखान्याच्या काट्यावर, बाजार समितीत, सोसायटीत कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या कॉम्प्युटरमधे आहेत. फोरट्रान पाहिजे असेल तर डब्ल्यूआरएफ नावाचं हवामानाचं मॉडेल आहे, जगभर वापरतात, आपल्याकडं हवामान खात्यात पण, ते मुख्यतः फोरट्रानमधलं आणि उघड्यावर फुकट मिळतं. फोरट्रान १९५७ ची, आयबीएममधे जॉन बॅकसच्या टीमनं केलेली, म्हणजे आपल्या संभाजीनगरच्या विद्यापीठापेक्षा एक वर्षानं मोठी. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, नदीकाठची शेतं खरवडून नेली, तेव्हा रात्र रात्र मोबाईलवर अंदाज बघत बसलेल्या पोरांना हे सांगून बघा की त्या अंदाजामागच्या गणितात ही म्हातारी आहे, कान टवकारतील. सगळं मॉडेल वाचायची गरज नाही, त्यातली पन्नास ओळींची एक सबरूटीन, म्हणजे एका कामाचा छोटा तुकडा, पुष्कळ झाली.

अडचण एकच, हे शिकवणार कोण. तासिकेवरच्या माणसाला आठवड्याला मोजके तास, त्यात सिलॅबस पुरा करायचा, एकेका पोराबरोबर त्याचा प्रोग्राम वाचत बसायला वेळ कुठला, त्याचे पैसे कोण देणार. ह्याच्यावर माझ्याकडं उत्तर नाही, विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी बघावं. पण रिटायर झालेले मॅनेजर, क्लार्क, जुने प्रोग्रामर गावोगाव बसून आहेत, त्यांना चहा पाजून बोलावलं तरी येतील, त्यांना कुणी विचारतच नाही ही त्यांची खंत आहे.

पतसंस्थेची ती २,३०० ओळींची फाईल माझ्याकडं आहे. मॅनेजर आणि अध्यक्षांची परवानगी घेतलीय, खातेदारांची नावं, नंबर सगळं काढून टाकलंय. ज्या कॉलेजातल्या सरांना, मॅडमना प्रॅक्टिकलला पाहिजे असेल त्यांनी पेनड्राईव्ह घेऊन यावं, बसस्टँडसमोर कुणालाही फॉक्सप्रोवाले सर म्हणून विचारा, आणून सोडतील. फक्त ती तारीख पोरांना आधी सांगू नका.

आपला,
एक जुना वाचक, अंबाजोगाई, जि. बीड

ता. क. त्या अकरा खात्यांचं व्याज मॅनेजरनी परत शून्य करून घेतलं. आता नव्या सॉफ्टवेअरमधे पण ती अट आहे, आणि तिच्या डोक्यावर पोरांनी स्वतःहून चार ओळींची मराठी कॉमेंट लिहिलीय, शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, पण मी काही बोललो नाही.